कोरियात राहते म्हटल्यावर हमखास येणारे प्रश्न

सोलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सुवन नावाचं शहर आहे. मी २०१८ मध्ये तिथे पीएचडीला आले आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत चिकटले. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, गावाकडच्या लग्नात पंगतीला बसल्यावर, इथे नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींकडून. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. नोकरी, व्हिसा, भाडं यांची माहिती इतरत्र ढिगाने मिळते, ती इथे नाही.

उत्तर की दक्षिण?

दक्षिण. मावशी, हे तू पाचव्यांदा विचारते आहेस.

किम जोंग उन क्षेपणास्त्रं उडवतो तेव्हा भीती नाही वाटत?

खरं सांगायचं तर क्षेपणास्त्राची बातमी मला बहुतेक वेळा आईच्या फोनमुळे कळते. इथे ती बातम्यांच्या पट्टीत येते आणि हवामानाखाली निघून जाते.

एकदा मात्र खरंच घाबरले. ३१ मे २०२३ ला मी सोलमध्ये मैत्रिणीकडे मुक्कामाला होते. सकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी दोघींचे फोन एकदम किंचाळायला लागले. हा साध्या मेसेजचा आवाज नसतो, फोन सायलेंटवर असला तरी भोंगा वाजतो. मजकूर असा, की सोलमध्ये इशारा जारी झाला आहे, नागरिकांनी स्थलांतराची तयारी करावी, मुलांना आणि वृद्धांना आधी बाहेर काढावं. का काढावं आणि कुठे न्यावं, याबद्दल अक्षर नाही. मी पासपोर्ट, पॉवर बँक आणि काय सुचलं कोण जाणे, मेथीच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला. मैत्रीण बूट घालून दारात उभी. समोरच्या बाल्कनीतल्या आजीबाई कपडे वाळत घालत होत्या, आमच्याकडे बघून त्यांनी फक्त मान डोलावली. बावीस मिनिटांनी दुसरा भोंगा वाजला. गृह मंत्रालय म्हणत होतं, आधीचा मेसेज चुकून गेला. उत्तर कोरियाने उपग्रह सोडायचा प्रयत्न केला होता, आणि सोल महापालिकेने घाईघाईत इशारा दिला होता.

त्या दिवशी कळलं की आपल्याला जवळचा निवारा कुठे आहे हेच माहीत नाही. नव्याने येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ते बघून ठेवावं. बहुतेक ठिकाणी तो म्हणजे मेट्रो स्टेशन किंवा इमारतीखालचं पार्किंग असतं आणि दारावर तशी पाटी असते. ऑगस्टमधल्या नागरी संरक्षणाच्या सरावाला भोंगे वाजतात, काही रस्त्यांवर गाड्या थांबवतात. पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो. आधी तारीख बघून ठेवली की येत नाही.

सोलपासून सीमा किती लांब आहे, असं विचाराल तर दादर ते कल्याण, फार तर थोडं पुढे.

युद्ध अजून संपलेलं नाही म्हणतात, ते खरं का?

कागदावर खरं. २५ जून १९५० ला सुरू झालेल्या युद्धाचा २७ जुलै १९५३ ला पानमुनजोमला शस्त्रसंधी झाला. शांतता करार कधीच झाला नाही. त्या शस्त्रसंधीवर संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या वतीने, उत्तर कोरियाच्या आणि चिनी बाजूच्या सेनापतींच्या सह्या आहेत. दक्षिण कोरियाची सही नाही, कारण अध्यक्ष सिंगमन री यांना युद्ध असं अर्धवट थांबवायचंच नव्हतं.

फाळणी त्याच्या आधीची. जपानने १९१० ते १९४५ हा देश गिळला होता. तो हरल्यावर अमेरिकेने ३८व्या अक्षांशावर रेघ ओढली, वर रशियन आणि खाली अमेरिकन. कोरियनांचं मत कुणी विचारलं नाही. जपानपासून सुटका झाली तो दिवस १५ ऑगस्ट, त्यामुळे आपल्या स्वातंत्र्यदिनाला इथेही सुट्टी असते आणि मला दरवर्षी फुकटचा आनंद होतो.

या सगळ्याशी भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि मराठी माणसाचाही आहे. हा प्रश्न मात्र मला क्वचितच कुणी विचारतं, म्हणून मीच घुसवला.

१९४८ च्या निवडणुकीआधी संयुक्त राष्ट्रांनी जो आयोग पाठवला, त्याचे अध्यक्ष के. पी. एस. मेनन होते. युद्ध पेटल्यावर भारताने लढाऊ सैन्य पाठवलं नाही, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिक उतरले, त्यांच्याबरोबर आपल्या डॉक्टर-जवानांनीही उड्या मारल्या. आज सीमेकडे जाणारी लोकल त्याच मुनसान स्टेशनावरून जाते.

खरं अवघड काम शस्त्रसंधीनंतर आलं. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांचं काय करायचं? त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी सांभाळायला भारतीय फौज आली आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. सिंगमन री भारतावर इतके चिडले होते, की भारतीय जवानांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवायचं नाही असं त्यांनी बजावलं. शेवटी इंचनच्या समुद्रातल्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून आपली फौज थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवली. तिथल्या छावणीला नाव दिलं हिंद नगर. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. मोहीम संपली तेव्हा उत्तरेलाही नको आणि दक्षिणेलाही नको म्हणणारे ८८ जण आपल्या फौजेबरोबर भारतात आले.

इथल्या तरुणांना यातलं फारसं माहीत नाही. आपल्याकडेही कुठे आहे?

तिकडे सगळ्या मुलांना सैन्यात जावंच लागतं? आमच्या मुलाला पण घेतील का?

शेवटचं आधी सांगते. तुमचा मुलगा भारतीय पासपोर्टवर इथे शिकत किंवा नोकरी करत असेल, तर नाही. पण आई किंवा वडील कोरियन असतील तर मूल जन्मानेच कोरियन धरलं जातं. अशा दुहेरी नागरिकत्वाच्या मुलाला अठरावं लागतं त्या वर्षीच्या मार्चअखेरपर्यंत कोरियन नागरिकत्व सोडायचं की नाही हे ठरवावं लागतं. ती तारीख हुकली की भरतीतून सुटणं फार अवघड. मिश्र लग्न केलेल्यांनी मूल पाळण्यात असतानाच हे वहीत लिहून ठेवावं.

बाकी कोरियन मुलांना चुकत नाही. लष्करात १८ महिने, नौदलात २०, हवाई दलात २१. मुली हव्या तर स्वेच्छेने जातात. ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळालं तर सूट मिळते. फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन २०१८ च्या सुवर्णामुळे मोठ्या सेवेतून सुटला, तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणावर भागलं. बीटीएस या गाजलेल्या बँडमधल्या मुलांना सूट द्यावी का, यावर देशभर वर्षानुवर्षं वाद झाला आणि शेवटी सगळे गेलेच. डिसेंबर २०२२ मध्ये जिन पहिला गेला, जून २०२५ पर्यंत सगळे सुटले.

आमच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा दुसऱ्या वर्षानंतर गेला. जायच्या आदल्या दिवशी डोकं तासून आला, टोपी काढली आणि सगळ्यांना दाखवून पुन्हा घातली. त्याची आई त्याला नोनसानच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला गेली होती. पहिले काही आठवडे तो नुसता नाहीसाच झाला, मग रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन हातात मिळायला लागला. बॅरॅकमध्ये फोन वापरू द्यायला लागून थोडीच वर्षं झाली आहेत, आधी पत्रं आणि कार्डाचा फोन. वाट बघणाऱ्या प्रेयसीला इथे 'कोमुशिन' म्हणजे रबरी चप्पल म्हणतात, आणि ती दुसऱ्याकडे गेली तर 'चप्पल उलटी घातली' म्हणतात. आमच्या मुलाची चप्पल नवव्या महिन्यात उलटली. परत आला तेव्हा तो शांत झाला होता, भांडी फार नीट घासायला लागला होता, आणि त्याच्याबरोबरच्या मुली त्याच्या दोन वर्षं पुढे गेल्या होत्या.

या शेवटच्या गोष्टीवरून इथे तरुण मुलं आणि मुली यांच्यात खरंखुरं वैर आहे, मतदानातही दिसतं. मुलं म्हणतात आमची दोन वर्षं गेली. मुली म्हणतात पुढची तीस वर्षं पगार कुणाला कमी मिळतो? दोघंही बरोबर आहेत असं मला वाटतं, पण हे प्रयोगशाळेत बोलायची सोय नाही.

सुटल्यावरही संपत नाही. पुढची आठ वर्षं राखीव दलात नाव असतं. एखादा सहकारी अचानक लष्करी गणवेशात, बुटाच्या नाड्या सोडून, वैतागलेल्या चेहऱ्याने बसस्टॉपवर दिसला तर युद्ध सुरू झालं असं समजू नका. त्याचं वार्षिक प्रशिक्षण आहे.

एवढं सैन्य असताना अमेरिकन फौज कशाला?

१९५३ च्या संरक्षण करारामुळे. साधारण २८,५०० अमेरिकन सैनिक इथे आहेत. मुख्यालय २०१८ मध्ये सोलच्या योंगसानमधून प्योंगटेकला हललं. युद्ध झालंच तर कोरियन फौजांचं नियंत्रण दोन्ही देशांच्या संयुक्त कमांडकडे जातं आणि त्या कमांडचा प्रमुख अमेरिकन जनरल असतो. ते परत घ्यावं यावर प्रत्येक सरकार बोलतं. शांततेच्या काळातलं नियंत्रण १९९४ मध्ये मिळालं, तेवढंच.

गुगल मॅप का चालत नाही?

विमानतळावरून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचा पहिला फोन. देश युद्धात असल्यामुळे सविस्तर नकाशाचा डेटा परदेशी सर्व्हरवर न्यायला सरकारने वर्षानुवर्षं नकार दिला, म्हणून तिथे चालत जायचा रस्ता नीट सापडत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री नेमकं काय झालं?

रात्री साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष युन सुक-योल टीव्हीवर आले आणि त्यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. आमच्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'हे डीपफेक आहे ना?' पाच मिनिटांनी कुणीतरी लिहिलं, 'नाही.'

मला 'केओम', म्हणजे लष्करी कायदा, हा शब्द शब्दकोशात बघावा लागला. घरमालकीणबाईंना बघावा लागला नाही. त्या ग्वांगजूच्या. मे १९८० मध्ये लष्करशहा चुन दू-ह्वानच्या सैनिकांनी त्या शहरात लोकांवर गोळ्या घातल्या, तेव्हा त्या शाळेत होत्या. रात्री अकराला त्यांनी माझं दार वाजवलं, घरात पाणी आणि तांदूळ आहे का विचारलं, आणि बाहेर पडू नकोस म्हणाल्या. त्यांचे हात थरथरत होते. सहा वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं.

लष्कराने काढलेल्या पहिल्या फतव्यात राजकीय सभा बंद, वृत्तपत्रं लष्कराच्या ताब्यात, आणि संपावरच्या डॉक्टरांनी ४८ तासांत कामावर यावं नाहीतर कारवाई, असं सगळं होतं. हेलिकॉप्टरने सैनिक संसदेत उतरले. पण लोक त्यांच्याआधी तिथे पोहोचायला लागले होते. सभापती वू वोन-शिक, वय ६७, कुंपणावरून उडी मारून आत गेले. कर्मचाऱ्यांनी दारांना सोफे आणि टेबलं लावली, अग्निशामक नळकांड्यांची फवारणी केली. रात्री एकच्या सुमाराला हजर असलेल्या सगळ्या १९० खासदारांनी लष्करी कायदा उठवायच्या बाजूने मत दिलं. पहाटे साडेचारला युन यांनी माघार घेतली. सकाळी माझी मेट्रो वेळेवर आली, डब्यात सगळे पेंगत होते.

पुढचं वेगाने: १४ डिसेंबरला महाभियोग, ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने आठही न्यायाधीशांच्या एकमताने पदच्युत केलं, सकाळी ११ वाजून २२ मिनिटांनी निकालाचं ते वाक्य वाचलं गेलं. ३ जूनला, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी, निवडणूक होऊन ली जे-म्योंग अध्यक्ष झाले.

मोर्चे बघायला जावं का?

बघायला हरकत नाही, सामील होऊ नका. इथल्या इमिग्रेशन कायद्याचं १७वं कलम परदेशी माणसाला राजकीय हालचाली करायला मनाई करतं. घोषणा देताना फोटो आला आणि व्हिसाचं नूतनीकरण अडकलं, असं कुणालाही नको. मी डिसेंबरच्या थंडीत लांबून बघितलं. मुली के-पॉपच्या मैफिलीत नेतात त्या रंगीत दिव्यांच्या काठ्या घेऊन आल्या होत्या. न येऊ शकलेल्या लोकांनी आसपासच्या कॅफेत आगाऊ पैसे भरून ठेवले होते, मोर्चातल्या कुणीही जाऊन कॉफी घ्यावी म्हणून. मी प्यायले नाही. ती राजकीय हालचाल ठरेल का, या शंकेने.

दुसऱ्या, म्हणजे युन यांच्या बाजूच्या सभांमध्ये कोरियन झेंड्याबरोबर अमेरिकेचाही झेंडा दिसतो, ते बघून नवे लोक चक्रावतात. आपल्या आईबापांना १९५० मध्ये अमेरिकेने वाचवलं अशी त्या पिढीची पक्की समजूत आहे, आणि उजव्या चर्चचा जोर आहे. त्यांच्या लेखी तो देशभक्तीचाच झेंडा.

मतदानाचं म्हणाल तर कायम वास्तव्याचा व्हिसा मिळून तीन वर्षं झाली की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. राष्ट्राध्यक्ष आणि संसद मात्र नाही.

तिकडचे राष्ट्राध्यक्ष तुरुंगातच का जातात?

सगळे नाही, पण यादी लांब आहे. री हवाईला पळाले, पार्क चुंग-ही यांना १९७९ मध्ये त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर गोळी घातली, चुन आणि रो ते-वू यांना शिक्षा होऊन माफी मिळाली. ली म्युंग-बाक आणि पार्क ग्युन-हे यांचंही तेच. सरकारी वकिलांच्या हातात अफाट सत्ता आणि अध्यक्षाला फक्त एकच पाच वर्षांची कारकीर्द, त्यामुळे खुर्ची सुटली की ढाल सुटते. माझे कोरियन मित्र याची लाज बाळगतात. मला, आपल्याकडचं बघून, थोडा हेवा वाटतो.

अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली होती ना?

तेराव्या शतकातल्या सामगुक युसा या ग्रंथात गोष्ट आहे, की इ.स. ४८ मध्ये आयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक जहाजाने आली आणि गाया राज्याच्या किम सुरो राजाशी तिचं लग्न झालं. बुसानजवळ किमहेला तिची समाधी आहे. किमहेचे किम हे देशातलं सगळ्यात मोठं घराणं स्वतःला तिचे वंशज मानतं. त्यातले बरेच जण मला 'आजीच्या माहेरची' म्हणून सोजूचा, म्हणजे इथल्या दारूचा, पेला भरून देतात.

इतिहासकार मात्र साशंक आहेत. ग्रंथ घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला, आणि त्या काळात अयोध्येला साकेत म्हणत. मी पेला घेते, वाद घालत नाही.

भाषा किती अवघड?

मराठी माणसाला वाटते त्यापेक्षा सोपी. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून, मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलायचं. नाती तर आपल्यासारखीच वेगवेगळी: आत्या म्हणजे 'कोमो', मावशी म्हणजे 'इमो'. खानावळीतल्या बाईला हाक मारायची तीही 'इमो'. आपण मावशी म्हणतो तशीच. आणि 'माझा' ऐवजी 'आमचा' म्हणायची इतकी सवय, की बायका 'आमचा नवरा' म्हणतात. इंग्रज, अमेरिकन यावर हसतात. 'आमचे हे' ऐकत वाढलेल्या मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

बोलताना काय टाळावं?

दोकदो बेटं जपानची आहेत का, असं गमतीतही विचारू नका. पूर्वेकडच्या समुद्राला जपानचा समुद्र म्हणू नका. उगवत्या सूर्याच्या किरणांचा झेंडा असलेला टी-शर्ट घरी ठेवा. उत्तर कोरियाची स्तुती करणारी पोस्ट शेअर करू नका, १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अजून लागू आहे आणि परदेशी माणूस त्यातून सुटत नाही.

माझी चूक यापेक्षा वेगळी होती. एकदा जेवताना मी मोठ्या उत्साहाने नेताजी आणि आझाद हिंद सेनेची गोष्ट सांगितली, जपान्यांच्या मदतीने वगैरे. टेबल गार पडलं. मग प्राध्यापकांनी हळूच सांगितलं, की त्यांच्या आजोबांना त्याच सुमाराला जपान्यांनी खाणीत मजुरीला ओढून नेलं होतं. गोष्ट तीच, बसायची बाजू वेगळी.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

हाल होतात. किमचीत, म्हणजे इथल्या आंबवलेल्या भाजीतही, बहुधा माशाचा रस असतो. बुदे-चिगे नावाचा लालभडक रस्सा नूडल्समुळे निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या नावाचा अर्थच 'फौजी पलटणीचा रस्सा'. युद्धानंतर उपाशी लोक अमेरिकन तळांवरचं हॅम आणि सॉसेज मिळवून किमचीबरोबर शिजवायचे, त्यातून हा पदार्थ आला. आता पोरं शनिवारी मजेत रांग लावून खातात. डाळी आणि मसाले सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत मिळतात.

आईबाबा येणार आहेत. काय दाखवू?

सीमा दाखवायची असेल तर पाजूची सहल घ्या आणि पासपोर्ट विसरू नका, बसमध्ये जवान चढून तपासतो. १९७८ मध्ये सापडलेला उत्तरेचा तिसरा बोगदा तिथे आहे. उतार फार आहे, गुडघेदुखी असेल तर आईला वर बसवा.

माझ्या बाबांना मी आधी सुवनचा ह्वासोंग किल्ला दाखवला. बाबा साताऱ्याचे, त्यामुळे आल्या आल्या 'हा भुईकोट आहे, चढ कुठे आहे?' अशी सुरुवात. तटाचा वेढा पावणेसहा किलोमीटर, बांधकाम १७९४ ते १७९६, जोंगजो राजाचं. १९५० च्या युद्धात उत्तरेच्या जांगआन दरवाजाचं वरचं बांधकाम उडालं, ते सत्तरच्या दशकात पुन्हा उभारलं. ते इतकं हुबेहूब कसं जमलं, असं बाबांनी विचारलं. मी त्यांना संग्रहालयात नेलं. किल्ला बांधून झाल्यावर राजाने सगळ्या कामाची बखर काढायला लावली होती, तिच्यात प्रत्येक भागाची चित्रं आहेत, विटादगडांचा हिशेब आहे, आणि गवंडी, सुतार, लोहार यांची नावं, गाव आणि किती दिवस काम केलं तेही.

बाबा त्या काचेपुढे बराच वेळ उभे राहिले. अक्षर एकही कळत नव्हतं. मग म्हणाले, "गवंड्याचं नाव कुठल्या ओळीत आहे ते विचार की कुणाला तरी."